संतांच्या हवाली केलेली शहरं



या व्याख्यानमालेसाठी विषय कळवला तेव्हा कार्यकर्त्यांपैकी एकाने फोनवर विचारलं, "सर, तुम्ही संतांवर बोलणार की भूकंपावर?" मी म्हटलं, दोन्हींवर. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना सनावळी पाठ करून घेत आणि लगेच विचारत, "त्या दिवशी साधी माणसं काय करत होती?" आज तोच प्रश्न घेऊन उभा आहे.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. त्या दिवशी लिस्बनची साधी माणसं चर्चमध्ये होती. सर्व संतांचा सण होता. इथे वसईतही हा सण होतो, दुसऱ्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात. लिस्बन तर पोर्तुगालची राजधानी, ब्राझीलच्या सोन्याने भरलेली. सकाळी साडेनऊच्या पुढे मिस्सा चालू असताना जमीन हलली. एकदा नाही, थोड्या थोड्या अंतराने तीनदा, सगळं मिळून काही मिनिटं. दगडी छपरं खाली बसलेल्या भाविकांवर आली. जे वाचले ते तेजू नदीच्या काठाकडे धावले, कारण तिथे मोकळं मैदान होतं. पाऊण तासाच्या आत नदीच्या मुखातून समुद्र आत शिरला आणि धक्क्यावर जमलेल्यांना घेऊन गेला. मग आग. वेदीवरच्या मेणबत्त्या कलंडल्या, घराघरांतल्या चुली पेटत्या राहिल्या होत्या, आणि ती आग पाच-सहा दिवस विझली नाही. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं हजारो ग्रंथांचं ग्रंथालय गेलं. शहराच्या मोठ्या इस्पितळाचं नावच 'सर्व संतांचं इस्पितळ' होतं. सर्व संतांच्या दिवशी ते आतल्या रुग्णांसकट जळालं. किती माणसं मेली यावर अजून एकमत नाही. अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांच्या वर जातात.

आता त्या वाचलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या सर्व संतांचा सण, त्यांच्याच दिवशी, त्यांच्याच देवळात, प्रार्थना चालू असताना हे झालं. तो आता कोणाकडे जाणार? तो संतांकडेच गेला. रस्त्यात गुडघे टेकून बसलेली, क्रूस हातात घेऊन ओरडणारी, पाद्री दिसेल तिथे पापांची कबुली देणारी माणसं त्या दिवसाच्या जवळजवळ प्रत्येक वृत्तान्तात आहेत. आपल्या सुशिक्षित मंडळींना यावर हसू येतं. मला येत नाही. घर पडलं, माणसं गेली, तर माणूस ओळखीच्या दारातच जातो. ते दार काल उघडलं नव्हतं म्हणून आज तो दुसरं शोधत बसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते शोधत बसावं लागणार नाही. मोठ्या संकटानंतर समाज प्रार्थनेकडे वळतो, एखाद्या संताला आपला पालक नेमतो, यात गैर काही नाही. मी एकच गोष्ट तपासतो. त्या प्रार्थनेने मेलेल्यांचा हिशोब खुला ठेवला की मिटवून टाकला?

लिस्बनमध्ये दोन्ही झालं, आणि ते एकाच वर्षात झालं. म्हणून ते उदाहरण मला इतकं मोलाचं वाटतं.

हिशोब मिटवणारे आधी आले. हा देवाचा कोप आहे, असं सांगणारे युरोपात ठिकठिकाणी होते. फक्त कोप कोणावर, याबद्दल प्रत्येकाचं उत्तर आपापल्या सोयीचं होतं. प्रॉटेस्टंट देशांत म्हणाले, इन्क्विझिशनने माणसं जाळली त्याचं हे फळ. इंग्लंडच्या राजाने ६ फेब्रुवारी १७५६ हा देशभर उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. पार्लमेंटने एक लाख पौंडांची मदत मंजूर केली हेही सांगायला हवं. उपवासाबरोबर पैसेही निघाले. लिस्बनमध्ये मात्र गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा वृद्ध जेझुइट उभा राहिला. जन्माने इटालियन, आयुष्याची कित्येक वर्षं ब्राझीलच्या जंगलात धर्मप्रसार केलेला, लोकांच्या नजरेत जवळजवळ संतच. त्याने १७५६ साली भूकंपाच्या 'खऱ्या कारणा'वर एक पुस्तिका छापली. कारण काय, तर लिस्बनवासीयांची पापं. नाटकं, गाणी, नाच. भूकंप नैसर्गिक आहे असं म्हणणं त्याला पाखंड वाटत होतं. घरं बांधण्याची घाई करू नका, आधी पश्चात्ताप करा, असा त्याचा एकूण सूर.

इथे एक अडचण होती, आणि ती त्या काळच्या टवाळांनी लगेच हेरली. आल्फामाच्या टेकडीवरच्या काही बदनाम गल्ल्या बऱ्याचशा उभ्या होत्या, आणि इन्क्विझिशनचा वाडा पडला होता.

मालाग्रिदाच्या समोर होता राजाचा मंत्री सेबास्तियाँव कार्व्हाल्यु. पुढे मार्केस ऑफ पोंबाल म्हणून जो जगाला माहीत झाला तो. राजा जुझे पहिला इतका हबकला होता की दगडी छपराखाली झोपायला तयार नव्हता. १७७७ साली मरेपर्यंत तो लाकडी वाड्यात राहिला. कारभार मंत्र्याच्या हातात आला. मेलेल्यांना पुरा आणि जिवंतांना खाऊ घाला, हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं. ते त्याचं असो वा नसो, केलं त्याने तेच. रोगराई पसरू नये म्हणून प्रेतं होड्यांत भरून समुद्रात सोडायची होती. ख्रिस्ती माणसाला पुरल्याशिवाय कसं सोडायचं, ही अडचण आली तेव्हा त्याने धर्मप्रमुखांची, लिस्बनच्या पॅट्रिआर्कची, संमती घेतली. धान्याचे भाव बांधून दिले. लुटारूंसाठी उंच फाशीचे खांब उभे केले. शहर सोडून पळणाऱ्यांना अडवलं.

आणि मग त्याने एक प्रश्नावली काढली. माझ्या मते लिस्बनच्या भूकंपातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. १७५६ च्या सुरुवातीला पोर्तुगालभरच्या प्रत्येक पॅरिशकडे ती गेली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ चालला? कोणत्या दिशेने आला असं वाटलं? समुद्र आधी आत सरकला की बाहेर? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काय निघालं? किती घरं पडली, किती माणसं मेली, त्यांत कोणी नामांकित होतं का? आग लागली का, अन्नाची टंचाई झाली का, त्यावर काय उपाय केला? भूकंपशास्त्राची पुस्तकं आपला इतिहास या कागदापासून सुरू करतात ते उगीच नाही.

आता कल्पना करा, एखाद्या खेड्यात हा कागद आला. उत्तरं कोणी लिहायची? पॅरिशच्या धर्मगुरूने. दुसरं होतं कोण? बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची वही त्याच्याकडे, गावात कोण होतं आणि कोण उरलं हे त्यालाच ठाऊक. सकाळी त्याने मेलेल्यांसाठी मिस्सा म्हटली असेल आणि दुपारी त्याच टेबलावर बसून लिहिलं असेल, एवढी घरं पडली, एवढी माणसं गेली, विहिरीचं पाणी अमुक दिवस गढूळ होतं. ही उत्तरं लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत. त्या दप्तरखान्याचा बुरूजही भूकंपात कोसळला होता. ऐंशीच्या घरातल्या मानुएल दा माया या अभियंत्याने ढिगाऱ्यातून कागद वाचवले. शहर पुन्हा कसं बांधायचं याचा आराखडाही त्याच म्हाताऱ्याने मांडला. नव्या घरांत लाकडी चौकटींचा सांगाडा आला, आणि म्हणतात की त्याचा नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून तो हलतो का ते पाहिलं.

म्हणजे विवेक विरुद्ध श्रद्धा असं जे नाटक आपण या प्रसंगाचं करतो, ते जमत नाही. विवेकाचे प्रश्न श्रद्धेच्या वहीतूनच सुटले. त्याच १७५६ साली पोर्तुगालच्या विनंतीवरून पोपने संत फ्रान्सिस बोर्जा यांना भूकंपापासून रक्षण करणारे राज्याचे पालक संत म्हणून मान्यता दिली. एका टेबलावर प्रश्नावली, दुसऱ्या टेबलावर पालक संताची नेमणूक, आणि सरकार एकच.

हा बोर्जा होता कोण? पोप सहाव्या अलेक्झांडरचा पणतू, स्पेनचा सरदार, राजवैभव सोडून जेझुइट झालेला आणि त्या संघाचा तिसरा प्रमुख. जेझुइट! लक्षात घ्या, तीनच वर्षांनी, १७५९ साली, त्याच मंत्र्याने सगळ्या जेझुइटांना पोर्तुगालमधून आणि साम्राज्यातून हाकलून दिलं. गोव्यातले जेझुइटही धरले गेले. संघ हद्दपार आणि त्याचा संत भूकंपावर पहारा देत बसलेला. इतिहासात असले विनोद सरकारी मोहरेनेच होतात.

मंत्र्याला मी हिरो करत नाही, हेही सांगतो. मालाग्रिदाला त्याने आधी सेतूबालला हद्दपार केलं, मग राजावरच्या हल्ल्याच्या कटात गोवलं, आणि शेवटी इन्क्विझिशनच्या हवाली केलं. त्या वेळी इन्क्विझिशनच्या प्रमुखपदी मंत्र्याचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या, डोकं फिरलेल्या त्या म्हाताऱ्याचा लिस्बनच्या चौकात गळा आवळला आणि प्रेत जाळलं. व्हॉल्तेअरने 'कांदीद'मध्ये भूकंपानंतर माणसं जाळणाऱ्यांची खिल्ली उडवली ती १७५९ साली, आणि दोन वर्षांत ती खिल्ली खरी झाली, तीही 'प्रबुद्ध' मंत्र्याच्या हातून. चुकीचं बोलणाऱ्याला खोडून काढणं वेगळं आणि त्याला संपवणं वेगळं. मालाग्रिदाने लोकांवर दोष टाकला, मंत्र्याने मालाग्रिदावर. दोघांचंही काम झालं, एक दोषी सापडला.

आता लिस्बनहून गोव्याला येऊ, आणि काळाने सत्तर वर्षं मागे जाऊ. ही कथा आपण मराठी माणसं नेहमी दुसऱ्या बाजूने ऐकतो.

नोव्हेंबर १६८३. गोव्याचा विजरई होता कोंद द आल्व्होर, फ्रान्सिस्कु द तावोरा. छत्रपती संभाजीराजे मोगलांशी लढण्यात गुंतलेत असं बघून त्याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. किल्ल्यात येसाजी कंक होते. तटाला खिंडार पडलं, पण शंभूराजे स्वतः आले आणि विजरई मागे पळाला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी थेट राजधानीच्या तोंडाशी असलेलं जुवे बेट घेतलं. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला गेलेल्या विजरईचा असा पराभव झाला की खाडीच्या चिखलपाण्यातून जीव वाचवून यावं लागलं. शहरात लढणारी माणसं थोडी उरलेली, बायकापोरं चर्चांत जमलेली, घंटा वाजताहेत.

त्या वेळी विजरई बॉम जीझस चर्चमध्ये गेला. तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले आणि नंतर त्यांचं शव गोव्याला आणलं. विजरईने पेटी उघडायला लावली. आपल्या अधिकाराची काठी, राजाने दिलेली सनद, आणि स्वतःचं एक पत्र, हे सगळं त्याने संताच्या हाती ठेवलं. राज्य आता तुमचं, राखा. गोव्यात आजही सगळे ज्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात, त्यांच्याकडे असा रीतसर कारभार सोपवला गेला. पुढे नव्या गव्हर्नरने कारभार घेताना काठी संताच्या हातून घ्यायची, अशी प्रथाच पडली.

आणि गोवा वाचला. मराठ्यांनी साष्टी-बारदेशात धुमाकूळ घातला, पण जानेवारी १६८४ मध्ये ते निघून गेले. का गेले? शहाजादा मुअज्जम मोठी मोगल फौज घेऊन घाट उतरून कोकणात आला म्हणून. कागदांत हे स्वच्छ आहे. आपल्याकडे पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून हे सगळं मराठी वाचकांसमोर ठेवलं, आणि त्या काळी गोव्यात असलेल्या मनुची या प्रवाशानेही लिहून ठेवलंय.

इथे हिशोब मिटला असं मी म्हणतो. फोंड्यावर कारण नसताना चाल कोणी केली, जुव्याला हट्टाने माणसं कोणी मारवली, हे प्रश्न संताच्या पेटीत काठीबरोबर बंद झाले. वाचवलं संताने, म्हणजे बुडवलं कोणी हे विचारायची गरजच उरली नाही. जुव्याला मेलेल्या शिपायांची नावं कोणाला माहीत आहेत? काठीची गोष्ट मात्र गोव्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि एक गंमत. ज्याने शहर संताच्या हवाली केलं, त्याच विजरईने लगेच पुढे राजधानी तिथून हलवून मुरगावला न्यायचा घाट घातला. संतावर विश्वास होता, पण तटावर नव्हता. योजना तडीस गेली नाही ही गोष्ट वेगळी. याच तावोरा घराण्यातला, गोव्याचाच विजरई राहून गेलेला एक वंशज जानेवारी १७५९ मध्ये लिस्बनला त्या मंत्र्याच्या हुकमाने क्रूरपणे मारला गेला. मालाग्रिदाला ज्या कटात गोवलं तो हाच.

आपल्या बाजूलाही असंच चाललं होतं, उगीच कोणी मान ताठ करू नये. १७३९ मध्ये या आपल्या वसईच्या वेढ्यात पोर्तुगीज आपल्या संतांना आळवत होते आणि चिमाजी आपांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता. मंदिर त्यांनी बांधून नवस फेडला. किल्ल्यातल्या चर्चांच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या आणि तिथे आजही वाजतात. त्या वेढ्यात दोन्हीकडची जी हजारो माणसं कामी आली, त्यांच्यासाठी कोणाच्या नावाने कोणती घंटा वाजते?

मग आपल्या परंपरेत संकटाचा देव कोण, असा प्रश्न येतो. पटकीला मरीआई. तिचा गाडा सजवायचा, नारळ-लिंबू-कोंबडी ठेवायची आणि वाजतगाजत शिवेपार ढकलायचा. पलीकडच्या गावाने तो आपल्या शिवेपार ढकलायचा. यात श्रद्धा आहे, सोहळा आहे, गावाने एकत्र येणं आहे. पण संकट शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडायची ही प्रार्थना मला कधी पटली नाही.

वारकऱ्यांच्या संतांची गोष्ट मात्र निराळी आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचं सरकारी कोठार लोकांना उघडून दिलं. बिदरच्या बादशहाचे पैसे विठ्ठल महाराचं रूप घेऊन फेडून आला, असं परंपरा सांगते. तिथे कोठार आधी उघडलं आणि देव नंतर आला, हा क्रम विसरू नका. तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गमावली, मूल गमावलं, दुकान बुडालं. त्यातून ते बाहेर आले तेव्हा सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत टाकली. हे संत आभाळातून रक्षण करणारे नाहीत. ते दुष्काळ भोगलेले आहेत. म्हणून त्यांच्याकडे गाऱ्हाणं घालताना आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मी जन्माने ख्रिस्ती नाही, पण चर्चमधल्या संतांच्या ओळीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो संत रॉक, गोव्यात ज्याला सां रोक म्हणतात. मूर्तीत तो आपला अंगरखा वर करून मांडीवरची प्लेगची गाठ दाखवतो, आणि शेजारी तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. त्यालाच प्लेग झाला होता, सगळ्यांनी टाकला, आणि कुत्र्याने भाकरी आणून दिली, अशी कथा आहे.

प्लेगवरून मुंबईला येतो. सप्टेंबर १८९६, मांडवी. डॉ. आकासियो व्हिएगस या गोंयकार डॉक्टरने रोग ओळखला आणि हा प्लेग आहे असं जाहीर सांगितलं. त्यांचा पुतळा धोबी तलावाला, मेट्रो सिनेमासमोर आहे. तिथून रोज जाणाऱ्या लाखभर माणसांपैकी किती जण नाव वाचतात, कोण जाणे. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली, हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याच वर्षी साथरोगाचा कायदा आला, पुण्यात घराघरांत शिपाई शिरले आणि रँडचा खून झाला. १० मार्च १८९७ ला रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

त्या वर्षांत बांद्रा, गिरगाव, माझगाव इथल्या ख्रिस्ती वस्त्यांनी क्रूस उभारले. रनवारमध्ये, चुईममध्ये, शेर्लीत, खोताच्या वाडीत आजही ते गल्लीच्या तोंडाशी दिसतात. सगळेच प्लेगचे नाहीत, काही त्याआधीचे आहेत, हे तारखा बघून कळतं. एकदा जवळ जाऊन बघा. कमरेएवढा चौथरा, त्यावर क्रूस, समोर मेणबत्तीसाठी लहानसा कोनाडा, मेणाच्या ओघळांनी काळवंडलेला. चौथऱ्यावर कोरीव अक्षरं असतात, पण वर्षानुवर्षं चुना आणि मग ऑइल पेंट चढत गेल्याने ती भरून गेलेली. बोटाने चाचपलं तर १८९ हे आकडे लागतात, शेवटचा आकडा कधी सहा वाटतो, कधी आठ. प्लेगमध्ये एका छपराखाली गर्दी करणं धोक्याचं होतं, म्हणून लोक गल्लीत, उघड्यावर, क्रुसापाशी जमून रोझरी म्हणत, असं त्या वस्त्यांतले जुने लोक सांगतात.

सरकारने मुंबईच्या प्लेगमध्ये मेलेल्यांचं स्मारक बांधल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एवढ्या मोठ्या मरणाची रस्त्यावरची खूण जर काही असेल, तर ती हे चौथरे. लोकांनी संताकडे रक्षण मागितलं, आणि मागताना साल कोरून ठेवलं. पोर्तुगालच्या खेड्यातल्या धर्मगुरूने कागदावर लिहिलं तेच इथे दगडावर झालं. रस्तारुंदीसाठी, पार्किंगसाठी किंवा अतिक्रमण म्हणून असे क्रूस हलवायची वेळ येते तेव्हा चर्चा फक्त धार्मिक भावनांची होते. कोणी असं म्हणत नाही की हा साथीच्या मृत्यूंचा दस्तऐवज आहे.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडच्या माणसानेही तेच विचारलं जे लिस्बनच्या माणसाने विचारलं होतं. कालच तर देवाला पोहोचवून आलो, मग हे का? त्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावं. पण माणसं कशाने मेली या प्रश्नाला उत्तर आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच घर झोपेत अंगावर आलं. रूसोने १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला पत्र लिहून हेच सांगितलं होतं की सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरं एकाला एक चिकटून निसर्गाने बांधली नव्हती. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्याने वसवावी लागली. दर ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात, प्रार्थना करतात. त्या दिवशी एखाद्या अभियंत्याने उभं राहून नव्या घरांना पुढे लोकांनी काय काय जोडलं, वरती कशाचे मजले चढवले, याचं वाचन करावं असं मला फार वाटतं. श्रद्धांजलीत ते बसतं.

२०२० च्या करोनात पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. वारी चुकली नाही आणि गर्दीही झाली नाही. तो निर्णय वारकऱ्यांनी मान्य केला याचा मला अभिमान वाटतो. करोनाच्या दोन वर्षांत मेलेल्यांची गावनिहाय नावं मात्र कुठे एकत्र आहेत का, हे तुम्हीच आपापल्या गावी बघा.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. आपली वसई ही संत गोन्सालो गार्सियाची वसई. इथे चर्चांत दफनाच्या वह्या आहेत, गावोगाव क्रूस आहेत, मरीआईची ठाणी आहेत, आणि कोणत्या साथीत कोणी नवस बोलला हे सांगणारे म्हातारे अजून आहेत. मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापाशी रोझरीला माणसं जमतातच. वही घेऊन जा. क्रुसावरचं साल उतरवा, तो कोणी आणि का उभारला ते विचारा, फोटो काढा. फादरांना विनंती करून साथीच्या वर्षांतल्या दफनाच्या नोंदी उतरवून घ्या. हिंदू आळीतल्या देवळांचंही तसंच करा. हे नाताळच्या रंगकामाआधी झालं पाहिजे, कारण एकदा रंग चढला की अक्षरं आणखी एका थराखाली जातात. वह्या आपल्या वाचनालयात आणून द्या, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते त्या सांभाळतील असं त्यांनी मला कबूल केलं आहे.